सुपरहिरो चित्रपटांचे पुढचे भाग आणि त्यांतील खलनायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढच्या भागाची वाट पाहताना चर्चा नायकापेक्षा खलनायकाचीच अधिक का होते?

नायक कोण आहे हे पहिल्या भागातच ठरलेले असते. त्याची शक्ती, त्याचे दुःख आणि त्याने स्वतःला घालून घेतलेली बंधने प्रेक्षकांना ठाऊक असतात, आणि शेवटी तो तगून राहील याबद्दलही सहसा शंका नसते. पुढच्या भागात खऱ्या अर्थाने अज्ञात असते ते खलनायकाचे पात्र. परंतु नवेपणा एवढेच कारण पुरेसे नाही. खलनायक बदलला की नायकापुढचा पेच बदलतो. ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटातील जोकर बॅटमॅनकडे पैसा मागत नाही. त्याने मुखवटा उतरवून स्वतःची ओळख जाहीर करावी, अन्यथा रोज माणसे मरतील, अशी त्याची मागणी असते. या एका मागणीमुळे बॅटमॅनचे संरक्षक असणे हेच लोकांच्या मृत्यूचे कारण ठरू लागते, आणि त्यावर ताकदीचा किंवा उपकरणांचा काहीही उपयोग होत नाही.

‘पुढचा खलनायक कोण?’ असे चाहते विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाच्या पोटात ‘या वेळी नायकाला काय गमवावे लागेल?’ हा प्रश्न दडलेला असतो. आमच्या मते पुढच्या भागाच्या प्रतीक्षेतील खरा रस या दुसऱ्या प्रश्नात आहे. ज्या चित्रपटांनी तो ओळखला त्यांची प्रतीक्षा सार्थ ठरली. ज्यांनी केवळ एका प्रसिद्ध नावाच्या बळावर उत्सुकता निर्माण केली, त्यांचे प्रेक्षक बहुधा निराश होऊन परतले.

दुसऱ्या भागातील खलनायक पहिल्या भागातील खलनायकापेक्षा सरस असतो, हे खरे आहे का?

तसा नियम नाही, पण तसे वारंवार का घडते याचे कारण सांगता येते. पहिल्या भागाचा मोठा हिस्सा नायकाच्या जडणघडणीवर खर्च होतो. शक्ती कशी मिळाली, ती कशी हाताळायची, वेश कसा तयार झाला, जवळचे कोण गेले, हे सगळे सांगेपर्यंत निम्मा चित्रपट संपतो, आणि खलनायकाला उरलेल्या वेळेत स्वतःचे म्हणणे मांडावे लागते. दुसऱ्या भागात हे ओझे नसते.

‘स्पायडर-मॅन २’ (२००४) हे याचे उत्तम उदाहरण आहे. आल्फ्रेड मोलिना यांनी साकारलेले डॉक्टर ऑटो ऑक्टेव्हियस आरंभी पीटर पार्करला, म्हणजे स्पायडर-मॅनला, आदर्श वाटावेत असे शास्त्रज्ञ आहेत; ते त्याला घरी बोलावतात, पत्नीची ओळख करून देतात, बुद्धीचा उपयोग कशासाठी करावा याबद्दल त्याच्याशी आपुलकीने बोलतात. प्रयोग फसतो, पत्नीचा मृत्यू होतो, यांत्रिक भुजांना ताब्यात ठेवणारी चिप जळते, आणि त्यानंतरचा प्रत्येक संघर्ष हा पीटरसाठी एका आदरणीय माणसाशी झालेला संघर्ष ठरतो. आधीचा तो निवांत संवाद नसता तर पुढची मारामारी कितीही भव्य असूनही तिचे मोल निम्मे झाले असते.

पुढच्या खलनायकाची चाहूल आधीच्या चित्रपटातच देण्याची पद्धत केव्हापासून आहे?

ही पद्धत आजची नाही. ‘सुपरमॅन’ (१९७८) या चित्रपटाच्या प्रारंभीच जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार यांच्यावरील खटला दाखवला आहे. त्यांना शिक्षा होते, ते अवकाशातील कैदेत जातात, आणि त्या संपूर्ण चित्रपटात पुन्हा दिसत नाहीत. त्यांचे परतणे दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेले होते, कारण दोन्ही भागांचे बरेचसे चित्रीकरण एकत्रच चालले होते.

या प्रकारातील सर्वांत संयत दृश्य मात्र ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) च्या अखेरीस येते. पोलीस मुख्यालयाच्या गच्चीवर पोलीस अधिकारी गॉर्डन एका नव्या गुन्हेगाराबद्दल बोलत असतो. सशस्त्र दरोडा, दोन खून, आणि घटनास्थळी मागे ठेवलेली एक निशाणी. तो पुराव्याच्या पारदर्शक पिशवीतील खेळण्याचा पत्ता बॅटमॅनच्या हातात देतो, बॅटमॅन तो उलटतो, आणि पत्त्यांच्या जोडातील जोकर पडद्यावर दिसतो. कोणताही चेहरा नाही, कोणाचे हसू नाही, नव्या कलाकाराचे नाव नाही. त्या एका पत्त्यावर प्रेक्षकांनी तीन वर्षे काढली. त्याच संवादात गॉर्डनने उपस्थित केलेला मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे: पोलिसांनी शस्त्रे वाढवली की गुन्हेगारही वाढवतात, आणि मुखवटा घालून छपरांवरून उड्या मारणारा माणूस आला की त्याला उत्तर देणाराही कोणी येणार. म्हणजे खलनायक येण्याचे कारण खुद्द नायक आहे, ही पुढच्या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना तेथेच पेरलेली आहे.

श्रेयनामावलीच्या मध्ये किंवा शेवटी छोटे दृश्य जोडण्याची सवय प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडली ती ‘आयर्न मॅन’ (२००८) पासून मार्व्हल या स्टुडिओने. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) मध्ये श्रेयनामावलीच्या मध्येच एक जांभळा चेहरा वळून स्मित करतो. त्याचे नाव उच्चारले जात नाही. तो थॅनॉस आहे हे कॉमिक्सच्या वाचकांनी ताबडतोब ओळखले, आणि इतरांना ते समजावून सांगण्यात त्यांना जो आनंद मिळाला तो या संपूर्ण प्रतीक्षेचा एक महत्त्वाचा भाग होता, असे आम्हांला वाटते.

थॅनॉसची सहा वर्षांची प्रतीक्षा यशस्वी का झाली?

‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८) पर्यंत थॅनॉस अगदी मोजक्या वेळा दिसला. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ (२०१४) मध्ये तो सिंहासनावर बसून होता, तर ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ (२०१५) च्या श्रेयनामावलीत त्याने सुवर्णवर्णी पंजा हातावर चढवला. या काळात त्याचा कोणत्याही नायकाकडून पराभव झाला नाही. त्याच्या वतीने इतर हरले; तो स्वतः अजिंक्य राहिला. दुसरीकडे, त्याला हवी असलेली रत्ने वेगवेगळ्या चित्रपटांच्या कथानकांत स्वतंत्रपणे येत राहिली, त्यामुळे त्याची योजना प्रेक्षकांना नकळत समजत गेली.

चित्रपट आल्यावर दिग्दर्शक रुसो बंधूंनी त्याला बाजूला उभे केले नाही. कथा त्याच्या शोधाभोवती फिरते, त्याला स्वतःचे ध्येय, स्वतःचा त्याग आणि स्वतःचे दुःख दिले आहे, आणि जॉश ब्रोलिन यांनी ते पात्र शांत आवाजात, जवळजवळ थकलेल्या माणसासारखे उभे केले. चित्रपटाच्या अगदी शेवटी ‘थॅनॉस परत येईल’ अशी पाटी झळकते. मार्व्हलच्या चित्रपटांत एरवी अशा पाटीवर नायकाचे नाव असते. तो चित्रपट खलनायकाचा होता, याची याहून स्पष्ट कबुली असू शकत नाही.

अशा प्रकारे सूचित केलेला प्रत्येक खलनायक पुढे खरोखर येतो का?

नाही. चाहूल म्हणजे करार नव्हे, हे प्रत्येक चाहत्याने लक्षात ठेवावे. ‘ग्रीन लँटर्न’ (२०११) च्या श्रेयनामावलीत, तोवर नायकाच्या बाजूने असलेला सिनेस्ट्रो पिवळी अंगठी बोटात घालतो आणि त्याचा पोशाख पालटतो; कॉमिक्सच्या वाचकांना अपेक्षित असलेला नेमका क्षण. चित्रपट चालला नाही, आणि त्या कथेचा पुढचा भाग कधीच निघाला नाही. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ (२०१४) मध्ये यांत्रिक भुजा आणि पंख प्रयोगशाळेत मांडून ठेवलेले दाखवले होते, कारण अनेक खलनायकांचा एकत्र चित्रपट काढण्याचा विचार होता. २०१५ च्या आरंभी सोनी आणि मार्व्हल यांच्यात स्पायडर-मॅनबाबत नवी व्यवस्था झाली आणि ती संपूर्ण मांडणी मागे पडली.

मार्व्हलचा कालप्रवासी खलनायक कँग याचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. ‘लोकी’ मालिकेच्या २०२१ मधील पहिल्या पर्वात त्याचे एक रूप दिसले, २०२२ मध्ये त्याच्या नावाचा अ‍ॅव्हेंजर्स चित्रपट जाहीर झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अँट-मॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया’ मध्ये तो मुख्य खलनायक म्हणून आला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने कँग साकारणाऱ्या कलाकाराला दोषी ठरवल्यावर मार्व्हलने त्याच्याशी असलेला संबंध संपवला. परंतु पात्राचे नुकसान त्याआधीच झाले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्यापुढे सगळे अ‍ॅव्हेंजर्स एकत्र येणार होते, तो पहिल्याच मोठ्या लढाईत एकट्या अँट-मॅनच्या कुटुंबाकडून आणि मुंग्यांच्या फौजेकडून हरला. थॅनॉसच्या बाबतीत जे कटाक्षाने टाळले होते तेच येथे घडले.

डॉक्टर डूमबद्दल एवढी उत्सुकता का आहे?

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केलेला हा खलनायक १९६२ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिक्स मालिकेच्या पाचव्या अंकात प्रथम अवतरला. तो एकाच वेळी शास्त्रज्ञ आहे, मांत्रिक आहे आणि लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक राष्ट्राचा सत्ताधीश आहे. जग आपल्या हाती आले तरच सुरक्षित राहील, असे तो मनापासून मानतो, आणि त्या मालिकेतील नायकसंघाचा प्रमुख रीड रिचर्ड्स याची बुद्धिमत्ता आपल्यापेक्षा श्रेष्ठ असू शकते हे त्याला सहन होत नाही. विश्वाचे भले आणि एका माणसाविषयीची असूया या दोन टोकांमध्ये तो उभा आहे, आणि म्हणूनच कॉमिक्सच्या वाचकांना तो इतक्या दशकांनंतरही प्रिय आहे.

पडद्यावर मात्र त्याला न्याय मिळालेला नाही. २००५ आणि २००७ च्या चित्रपटांत तो एक मत्सरी उद्योगपती झाला, तर २०१५ च्या चित्रपटात तो शेवटच्या टप्प्यात घाईघाईने आला आणि गेला. चाहत्यांच्या मनातील ही जुनी तूट हे आजच्या उत्सुकतेचे पहिले कारण आहे. दुसरे कारण कलाकाराच्या निवडीत आहे. जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉनच्या मंचावर हिरवे झगे आणि मुखवटे घातलेल्या आकृतींची रांग उभी राहिली, त्यांतील एकाने मुखवटा काढला, आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ मध्ये डूम साकारणारा तो कलाकार रॉबर्ट डाउनी ज्युनियर होता. ज्या चेहऱ्याने अकरा वर्षे टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, उभा केला, तोच आता नायकांच्या विरोधात दिसणार, ही कल्पना काहींना विलक्षण वाटली आणि काहींना जुन्या लोकप्रियतेवर टेकलेली सोय वाटली. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्या चेहऱ्याच्या ओळखीचा कथेत काही उपयोग केला, एखाद्या नायकाला आपला मृत गुरू समोर दिसत असल्याची वेदना झाली, तर निवड सार्थ ठरेल. केवळ आश्चर्यासाठी ती केली असेल तर आश्चर्य मंचावरच संपलेले आहे.

कलाकाराची निवड जाहीर होताच एवढा विरोध का होतो, आणि तो योग्य ठरतो का?

वर्षानुवर्षे मनात जपलेल्या पात्राला अचानक दुसऱ्याच कोणाचा चेहरा मिळतो, म्हणून विरोध होतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मायकेल कीटन यांची बॅटमॅनसाठी निवड झाली तेव्हा चाहत्यांनी निषेधाची पत्रे पाठवली होती. १९८९ च्या चित्रपटानंतर तो सूर मावळला. हीथ लेजर यांचे नाव २००६ मध्ये जोकरसाठी जाहीर झाले तेव्हाही अशीच नाराजी होती. जानेवारी २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, जुलैमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मरणोत्तर देण्यात आले. त्यांचा जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांची कथा प्रत्येक वेळी निराळी सांगतो. त्याचा भूतकाळ न सांगण्याचा हा निर्णय आणि तो पेलणारा अभिनय यांची कल्पना छायाचित्र पाहून कोणालाही आली नसती.

पुढचा भाग समजण्यासाठी मूळ कॉमिक्स वाचलेली असावीत का?

आवश्यक नाही. वाचलेली असल्यास आनंद वाढतो, आणि अपेक्षाभंगाची शक्यताही वाढते. कॉमिक्समधील थॅनॉस मृत्यूदेवतेच्या प्रेमापोटी विश्वाचा संहार करतो. चित्रपटातील थॅनॉस साधनसंपत्ती अपुरी पडेल या भीतीने अर्धी लोकसंख्या नष्ट करू पाहतो. हा बदल बहुतेकांनी स्वीकारला, कारण त्यामुळे पात्राला वादात उतरवता येईल अशी भूमिका मिळाली.

याउलट ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) च्या ट्रेलरमध्ये बेन किंग्स्ली यांचा मँडरिन भयावह शत्रू म्हणून दाखवला होता आणि चित्रपटात तो भाड्याने आणलेला नट निघाला. काहींना ही कलाटणी धाडसी वाटली. ज्यांनी आयर्न मॅनच्या या जुन्या शत्रूची वाट पाहिली होती त्यांना ती फसवणूक वाटली, आणि त्यांची तक्रार आम्हांला रास्त वाटते. गॅलॅक्टसची गोष्ट अशीच आहे: २००७ मध्ये हा ग्रहभक्षक पडद्यावर केवळ एक प्रचंड ढग म्हणून आला, आणि कॉमिक्समधील शिरस्त्राणधारी महाकाय रूपात त्याला पाहण्यासाठी वाचकांना २०२५ च्या ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ पर्यंत थांबावे लागले.

एका चित्रपटात दोन-तीन खलनायक असणे चांगले की वाईट?

संख्येपेक्षा त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध महत्त्वाचा असतो. ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७) मध्ये सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी ऑस्बॉर्न असे तिघे आहेत. दिग्दर्शक सॅम रायमी यांना व्हेनममध्ये फारसा रस नव्हता. चाहत्यांना तो हवा आहे म्हणून निर्मात्यांनी आग्रह धरला. परिणामी वाळूच्या कणांतून हळूहळू उभा राहणारा आणि हातातील लॉकेट उचलू न शकणारा सँडमॅन, जो त्या चित्रपटाचा आत्मा होऊ शकला असता, तो मध्यंतरानंतर मागे पडला. ‘द डार्क नाइट’ मध्येही दोन खलनायक आहेत, परंतु सरकारी वकील हार्वी डेंटचे अधःपतन हीच जोकरची योजना असल्यामुळे दुसरा पहिल्याचा पुरावा ठरतो.

ट्रेलर पाहावेत की टाळावेत?

पहिला टीझर पाहावा, शेवटचे ट्रेलर टाळावेत. प्रदर्शन जवळ येते तशी तिकीटविक्रीची निकड वाढते आणि राखून ठेवलेली दृश्ये बाहेर येऊ लागतात. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ च्या डिसेंबर २०१५ मधील ट्रेलरने अखेरचा शत्रू डूम्सडे उघडच दाखवला, आणि दोन नायकांच्या संघर्षाचा शेवट काय होणार हे प्रदर्शनापूर्वीच उघड झाले.

काही वेळा ट्रेलर मुद्दाम दिशाभूल करतात. ‘इन्फिनिटी वॉर’ च्या ट्रेलरमध्ये वकांडाच्या रणभूमीवर धावणारा हल्क चित्रपटात नाही. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ (२०२१) च्या ब्राझीलमधील ट्रेलरमध्ये लिझार्ड या खलनायकाला कोणाचाही स्पर्श न होता तडाखा बसलेला दिसला, आणि त्या एका चौकटीवरून चाहत्यांनी तेथे दुसरा स्पायडर-मॅन पुसून टाकलेला आहे असे ताडले. त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

अफवा आणि खात्रीची बातमी यांत फरक कसा करावा?

स्टुडिओची किंवा संबंधित कलाकाराची अधिकृत घोषणा हाच एकमेव भक्कम आधार मानावा. कलाकाराने दिलेला नकारही पुरेसा नसतो. आधीच्या चित्रपटांत स्पायडर-मॅन साकारलेल्या अँड्र्यू गारफील्ड यांनी ‘नो वे होम’ मधील आपला सहभाग अनेक मुलाखतींतून नाकारला होता. निनावी खात्यांवरून आलेली कथानके पूर्ण वाचू नयेत, कारण ती खोटी निघाली तर वेळ जातो आणि खरी निघाली तर चित्रपट जातो.

प्रदर्शनाच्या तारखा वारंवार पुढे का ढकलल्या जातात?

पटकथा पूर्ण न होणे, दृश्य-परिणामांच्या कामाला वेळ लागणे आणि इतर मोठ्या चित्रपटांशी टक्कर टाळणे ही नेहमीची कारणे आहेत. २०२३ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांचा संप मे ते सप्टेंबर आणि कलाकारांचा संप जुलै ते नोव्हेंबर असा चालला, त्यामुळे पुढच्या कित्येक वर्षांचे वेळापत्रक विस्कळीत झाले. ‘द बॅटमॅन’ (२०२२) चा दुसरा भाग आरंभी ऑक्टोबर २०२५ साठी जाहीर झाला होता. तो प्रथम २०२६ वर आणि नंतर ऑक्टोबर २०२७ वर गेला. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ ची तारीखही मे २०२६ वरून १८ डिसेंबर २०२६ करण्यात आली. कच्च्या पटकथेवर वेळेत आलेल्या चित्रपटापेक्षा उशिरा आलेला चित्रपट आम्हांला केव्हाही मान्य आहे.

मेलेला खलनायक परत आणणे योग्य आहे का?

समांतर विश्वांच्या कल्पनेमुळे हे आता सहज शक्य झाले आहे, आणि तेच धोक्याचे आहे. कोणीही केव्हाही परतू शकतो असे प्रेक्षकांना वाटू लागले की मृत्यूच्या दृश्याचा परिणाम उरत नाही. ‘नो वे होम’ मध्ये डॉक्टर ऑक्टेव्हियस परतले ते मात्र सार्थ ठरले. पीटर त्यांच्या मानेवरील जळालेली चिप बदलतो, भुजा शांत होतात, आणि तो सज्जन शास्त्रज्ञ डोळे उघडून आपल्या डोक्यातील शांततेचे नवल करतो. सतरा वर्षांपूर्वी जे पीटरला साधले नव्हते ते येथे साधते. पुनरागमनाने आधीच्या कथेत अशी भर पडत असेल तरच ते करावे.

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ पूर्वी आधीचे सर्व चित्रपट पुन्हा पाहावे लागतील का?

सर्व पाहण्याची गरज नाही. ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ (२०१९) पाहिल्यास टोनी स्टार्कच्या चेहऱ्याचे मोल लक्षात येईल, आणि ‘फर्स्ट स्टेप्स’ पाहिल्यास रीड रिचर्ड्सचे कुटुंब परिचयाचे होईल. या तिसऱ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील दृश्य चुकवू नये: रीडची पत्नी स्यू परत येते तेव्हा हिरवा झगा पांघरलेली एक व्यक्ती त्यांचा लहानगा मुलगा फ्रँकलिन याच्यासमोर गुडघ्यावर बसलेली असते, आणि तिचा मुखवटा तिच्या हातात असतो. चेहरा आपल्याला दाखवलेला नाही, परंतु त्या मुलाने तो पाहिलेला आहे.